फुलपात्रावरचं नाव

त्या फुलपात्रातून मी पाणी प्यायले, कारण त्यावर माझं नाव होतं.

सहा वर्षांची होते. अंबरनाथच्या त्या घरात येऊन पुरता एक दिवसही झाला नव्हता. स्वयंपाकघरात माठाशेजारी फळीवर पितळी भांडी ओळीने लावलेली. तहान लागली होती. मला वाचायला येत नव्हतं, पण आश्रमात पाटीवर एकच शब्द गिरवून घेतला होता, माझं नाव. तेवढी तीन अक्षरं मी झोपेतसुद्धा ओळखली असती. आणि फळीवरच्या एका फुलपात्रावर बरोबर तीच अक्षरं कोरलेली. मला वाटलं, बघा, माझी वाट बघत होते हे लोक. भांडंसुद्धा करून ठेवलंय.

माझी मेलीची अक्कल!

दोन घोट घेतले असतील नसतील, तेवढ्यात मागून थप्पड बसली. फुलपात्र खाली पडून घरंगळत चुलीपर्यंत गेलं. काकूची, म्हणजे घरच्या मालकिणीची. तिने ते चिमट्याने उचललं. हाताने नाही, चिमट्याने. चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवलं आणि लाल होईस्तोवर भाजलं. तिची सासू दारात उभी होती. फुलपात्र तिचं होतं, लग्नात मिळालेलं. ती मला म्हणाली, "आश्रमातली कार्टी. कोण जाणे कुणाची!"

मी रडत रडत सांगितलं, त्यावर माझं नाव आहे. काकूने विचारलं, काय नाव तुझं? मी सांगितलं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. माझं नाव तिच्या सासूचं नाव होतं, आणि सुनेने सासूचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. ते नाव घेऊन ती मला 'भांडी घास', 'केर काढ' म्हणणार कशी? सासूच्या नावाने मोलकरणीला हाक मारल्यासारखं व्हायचं ना!

दोघी माजघरात जाऊन कुजबुजल्या. बाहेर आल्या तेव्हा माझं बारसं उरकलेलं होतं.

"आजपासून ही सखू," काकू म्हणाली.

मला कुणी विचारलं नाही. आईबाप नव्हते, घर नव्हतं, गाव धड माहीत नव्हतं. एक नाव तेवढं माझ्याजवळ होतं. तेही त्या घराने पहिल्याच दिवशी काढून घेतलं.

*

आता मला आणायला त्यांना कुणी सांगितलं होतं, ते सांगते. काकूचे यजमान कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. सगळे त्यांना साहेब म्हणत, मीही म्हणायचे. कुणीतरी त्यांना सांगितलं की आश्रमातली एखादी अनाथ पोर सांभाळायला घ्या, पुण्य लागतं आणि घरात हाताशीही होते. स्वातंत्र्य येऊन दोन वर्षं झाली होती. देशासाठी काहीतरी करावं असं साहेबांसारख्यांना तेव्हा फार वाटे. आश्रमाने कागद केला. साहेबांनी सही केली. त्यात लिहिलेलं होतं, पोटच्या मुलीप्रमाणे वाढवू.

पोटची मुलगी होती त्यांना. कुंदा. माझ्याच वयाची. तिचं ताट, वाटी, फुलपात्र, सगळ्यावर नाव घातलेलं. नुसतं नाव नाही, बापाचं नाव, आडनाव, बक्कळ ओळभर मजकूर. माझी एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची थाळी होती, पोचे आलेली. ती मोरीच्या कट्ट्यावर पालथी असायची. जेवण झालं की मी ती घासायची आणि तिथेच पालथी घालायची. घरातल्या भांड्यांत तिची भेसळ होता कामा नये.

साहेब वाईट नव्हते. कधी बोट लावलं नाही, कधी आवाज चढवला नाही. पेपर वाचत बसायचे. सासूने मला शिव्या घातल्या की पेपर जरा वर धरायचे. त्या म्हातारीपेक्षा मला त्या पेपराचा राग जास्त.

शाळेत मात्र घातलं, कारण कागदात तसं लिहिलं होतं. आणि शाळेत काय व्हायचं सांगू? गुरुजी हजेरी घ्यायचे. आश्रमाच्या दाखल्यावरचं नाव पुकारायचे. माझं खरं नाव. मी "हजर" म्हणायचे. एवढ्यासाठी मी चार वर्षांत एकदाही शाळा बुडवली नाही. तापाने फणफणलेली असताना गेले. सगळ्यांना वाटायचं, पोरीला काय अभ्यासाची गोडी! कसली गोडी. दिवसातून एकदा कुणीतरी मला माझ्या नावाने बोलवायचं, म्हणून जात होते.

*

वर्षातून एकदा आश्रमाच्या बाई पाहणीला यायच्या. पोरीला नीट ठेवलंय का ते बघायला.

त्या दिवशी घरात मला सणासारखं वागवत. सकाळी काकू स्वतः डोकं विंचरायची. कुंदाचा फ्रॉक मला घालायची. कुंदा त्या दिवशी रडून धिंगाणा घालायची, माझा फ्रॉक तिला कशाला. मग काकू तिला जिलबी द्यायची. मला सांगून ठेवायची, आज काकू म्हणायचं नाही, आई म्हणायचं. आणि काकू मला सखू म्हणायची नाही. खरं नाव घेता येत नाही, खोटं चालत नाही, म्हणून त्या दिवशी मी 'बाळ'. "बाळ, इकडे ये. बाळ, बाईंना नमस्कार कर."

मग पंगतीत पाटावर बसवायची. कुंदाच्या जुन्या ताटात वाढायची. बाई विचारायच्या, सुखात आहेस ना गं? मी म्हणायची, हो. बाई वहीत काहीतरी लिहायच्या आणि दुपारच्या गाडीने निघून जायच्या. फ्रॉक त्याच संध्याकाळी धुवून वाळत पडायचा.

आणि मला लाज वाटते सांगायला, पण सांगते. त्या दिवसाची मी वर्षभर वाट बघायचे. खोटं आहे हे कळत होतं. तरी "आई" मी दिवसभर पुन्हा पुन्हा म्हणायचे. वाटायचं, म्हणता म्हणता एखाद्या वर्षी हे खरं होऊन जाईल. काकू एकदा विसरेल, आणि दुसऱ्या दिवशीही बाळच म्हणेल. ती कधी विसरली नाही. त्या बाबतीत काकू फार पक्की.

*

दहा वर्षांची असताना मी घर शोधायला गेले. बदलापूरला. कुंदाने एकदा भांडताना सांगितलं होतं, तुझ्या कागदावर बदलापूर लिहिलंय, तुझी आई तिथे मेली, बाबा म्हणाले. झालं. एका रविवारी रेशनच्या निमित्ताने निघाले आणि रुळांच्या कडेकडेने चालत सुटले. मला वाटत होतं, गाव दिसलं की माझं घर मला ओळखू येईल. पायच वळतील तिकडे.

पाय काही वळले नाहीत. बेलवलीपर्यंत गेले. भाताची खाचरं, कौलारू घरं. प्रत्येक घर बघून वाटायचं, हेच असेल. एका अंगणात म्हातारी भात वाळवत होती. तिला मी माझं नाव सांगितलं, विचारलं, माझी आई इथली होती का?

तिने डोळ्यांवर हात आडवा धरून मला वरून खालपर्यंत बघितलं. "कोनाची गो तू?" म्हणाली.

तेच तर विचारायला आले होते! तेच मला माहीत नव्हतं. मी पाणी मागितलं. तिने आतून तांब्या आणला, मला अंगणाच्या कडेला बसवलं, आणि उंचावरून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. कुणाची आहे ते कळल्याशिवाय तांब्या हातात द्यायचा नाही. तशी मनाने चांगली होती, एक काकडीही दिली. पण ओंजळ धरून बसले तेव्हा मला कळून चुकलं. इथेही चिमटाच आहे, फक्त हा चिमटा जरा प्रेमळ आहे.

संध्याकाळी परत आले तेव्हा मार पडला. मुकाट्याने खाल्ला. जायला दुसरीकडे जागा नव्हती.

*

त्याच वर्षी काकूच्या सासूला अर्धांगवायू झाला. बोलणं गेलं, एक बाजू गेली. माझी शाळा चौथीनंतर बंद झाली, कारण म्हातारीचं करणार कोण? काकूला किळस यायची. कुंदाला अभ्यास होता. सखू होती.

चार वर्षं मी तिचं सगळं केलं. पुसणं, धुणं, गूमूत काढणं, भरवणं. तिच्याच त्या फुलपात्रातून तिला पाणी पाजायचं. आता त्याला माझा हात लागलेला चालत होता. तोंड लागलेलं चालत नव्हतं, एवढंच. रोज संध्याकाळी ते फुलपात्र राखेने घासताना मी अंगठ्याने ती तीन अक्षरं चाचपायची. त्या घरात माझ्या नावाची एकच बाई होती, आणि तिची घाण मी काढत होते.

तिच्याबद्दल माझ्या मनात माया आली का? नाही आली. लोकांना असं ऐकायला आवडतं, सेवा करता करता जीव जडला वगैरे. माझा नाही जडला.

*

मग मला चौदावं संपलं. आश्रमाचा नियम होता, चौदा पूर्ण झाली की पोरीला स्वतःलाच विचारायचं. राहतेस, की परत आश्रमात येऊन शिवणकाम शिकून आपल्या पायावर उभी राहतेस? पोरीने हो म्हटलं तर कागद पुढे चालू. आश्रमाकडून तसं पत्र आलं. ते पत्र काकूने साहेबांना मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग दोघंही माझ्याकडे बघत राहिले. आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना दिसले.

दुसऱ्याच दिवशी काकूने मला जवळ बसवलं. नवंकोरं पितळी ताट पुढे ठेवलं. म्हणाली, हे तुझं. यावर नाव घालून आण. बाई येतील तेव्हा याच ताटात जेवायचं, आणि नंतरही रोज याच ताटात. फळीवर ठेवायचं, कुंदाच्या ताटाशेजारी. फक्त बाईंनी विचारलं की सांग, मला माझं घर सोडायचं नाही.

माझं घर. तिच्या तोंडून. हेच तर हवं होतं ना मला, त्या पहिल्या घोटापासून! मी ताट छातीशी धरलं. काकूने मजकुराची चिठ्ठी हातात दिली आणि मी उल्हासनगरच्या कॅम्पात निघाले. वालधुनीचा पूल ओलांडला आणि मग चिठ्ठी उघडली.

त्यावर एकच शब्द होता. सखू.

बापाचं नाव नाही, आडनाव नाही. ते मी समजू शकत होते. पण आठ वर्षांनंतर माझं म्हणून भांडं करायचं, आणि त्यावरही सखू? ती विसरली होती. खरंच विसरली होती. माझं काही दुसरं नाव आहे हेच तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

कॅम्पात एक सिंधी माणूस भांड्यांवर नावं घालायचा. फाळणीत घरदार टाकून आलेला, बराकीसमोर फळकूट टाकून बसलेला. मराठी त्याला वाचता येत नव्हतं, चिठ्ठीतली अक्षरं बघून चित्रासारखी उतरवायचा. पण डोक्यावर पत्र्याची पाटी होती, रंगाऱ्याकडून मराठीत करून घेतलेली. परसराम.

मी पोचले तेव्हा एक टोपीवाले गृहस्थ आपली भांडी न्यायला आले होते. "ए निर्वासित, झालं का?" त्यांनी विचारलं. परसरामने मान वर केली नाही. छिन्नीवर टक टक चालूच. गृहस्थ पुन्हा ओरडले, ए निर्वासित, ऐकू येत नाही का? टक टक. समोरचा हंडा हलेल, कळशी हलेल, पण माणूस ढिम्म. शेवटी गृहस्थांनी वर पाटीकडे बघितलं आणि चरफडत म्हणाले, "परसराम."

"जी साहब," तो लगेच म्हणाला, आणि हसून भांडी पुढे केली.

मी बघतच राहिले. हे असं करता येतं? गिऱ्हाईक गेलं असतं तर त्याच्या घरी चूल पेटली नसती. तरी त्याने ओ दिली नाही.

माझी पाळी आली. त्याने चिठ्ठी उलटसुलट करून विचारलं, "तेरा नाम है, बेटी?"

मी म्हटलं, "नहीं."

त्याचा हात थांबला. अपना नाम नहीं तो लिखवाती क्यों है, म्हणाला. मी सांगितलं, घरच्यांनी पाठवलंय. चिठ्ठी बदलणं माझ्या हातात होतं. कोळशाने त्यामागे माझं नाव लिहून दिलं असतं तरी त्याने कोरलं असतं. खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात काही डाव नव्हता. मी घाबरले. घालू दिलं तेच. प्रत्येक घाव बघत उभी राहिले. सखू, असं ठसठशीत, काठावर.

*

बाई आल्या. पाट मांडले. साहेब, बाई, कुंदा, मी. यंदा फ्रॉक नव्हता, कुंदाचं जुनं पातळ होतं. माझ्यापुढे माझं ताट, चिंचेने घासून लखलखीत केलेलं. काकूला त्याचा भारी अभिमान. तिनेच बाईंना दाखवलं, बघा, नाव घालून ताट केलंय, पोटच्या मुलीत आणि हिच्यात फरक केला नाही.

बाईंनी चष्मा लावला. वाकून वाचलं. मग आपली वही उघडून बघितली.

"ही सखू कोण?" त्यांनी विचारलं.

कुंदाचा घास हातात राहिला. काकू गडबडीने हसली. म्हणाली, लाडाचं नाव हो, आम्ही लाडाने म्हणतो.

लाडाने!

तो शब्द ऐकला आणि माझ्या अंगाचा भडका उडाला. मारलं ते चाललं असतं, मोरीवर जेवले ते चाललं असतं, पण त्याला लाड म्हणायचं? मी पाटावरून उठले. मोरीवर गेले. माझी पोचे आलेली जर्मनची थाळी आणली आणि बाईंच्या ताटाशेजारी ठेवली.

"सखू या थाळीत जेवते," मी म्हटलं. "म्हातारीचं ती करते, भांडी ती घासते. तुम्ही वर्षातून एकदा येता तेव्हा ती इथे नसते."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. विचारतात काय, तर इतकी वर्षं तू बोलली का नाहीस? मी सांगितलं, तुम्ही मला कधी विचारलंच नाही, विचारलंत ते कुंदाच्या फ्रॉकला. साहेब भाताकडे बघत होते. आज हाताशी पेपर नव्हता बिचाऱ्यांच्या.

काकू रडायला लागली. काय कमी केलं हिला, खाऊ घातलं, वाढवलं, आणि आता म्हातारीला या अवस्थेत टाकून जाणार? खरंच रडत होती ती. आणि ऐका, तिचं रडणं बघून मी विरघळले. आठ वर्षं त्या बाईला आई म्हणायला तरसलेली पोर होते मी. अजूनही राहिले असते. म्हातारीचं मरेपर्यंत केलं असतं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मला माझ्या नावाने हाक मारा," मी म्हटलं. "एकदाच. मी राहते."

काकूचे ओठ हलले. मी बघितलं, हलले. पहिलं अक्षर ओठांवर आलं होतं. मग तिची नजर म्हातारीच्या खोलीच्या दाराकडे गेली. आत ती म्हातारी बोलू शकत नव्हती, उठू शकत नव्हती, कदाचित ऐकूही शकत नव्हती. तरी काकूने ओठ मिटले. डोक्यावरचा पदर सारखा केला.

संपलं. तिथेच संपलं माझ्यातलं ते लहान पोर.

मी बाईंना सांगितलं, चला. माझं सामान म्हणजे दोन परकर आणि चौथीचा दाखला. निघताना काकूने ते पितळी ताट पुढे केलं. म्हणाली, घेऊन जा, तुझ्यासाठीच केलंय.

"राहू द्या," मी म्हटलं. "दुसरी आणाल तिला होईल. तिलाही सखूच म्हणाल."

*

आश्रम म्हणजे काही घर नव्हतं. तिथेही बोलणी होती, तिथेही अर्धपोट होतं. पण हजेरी नावाने व्हायची. शिवण शिकले. सोळा पुरी झाल्यावर अंबरनाथलाच एका कारखान्यात डबे भरायच्या कामाला लागले. बुवापाड्यात आणखी दोघी बायकांबरोबर खोली घेतली. पहिल्याच दिवशी मुकादमाने हाक मारली, ए पोरी. मी डबे भरत राहिले. त्याने चार वेळा ओरडून बघितलं. शेवटी जवळ येऊन बिल्ला वाचला आणि दात-ओठ खात माझं नाव घेतलं. त्या दिवशी संध्याकाळी खोलीतल्या बायका म्हणाल्या, काय गं हा माज. असेल माज.

त्यानंतर काही महिन्यांनी बाजारात काकू दिसली. केस पांढरे झालेले, हातात जड पिशवी. मी मेथी निवडत होते. तिने मला ओळखलं. तिच्या चेहऱ्यावर खरंच आनंद झाला, ते मी नाकारत नाही.

"सखू!" तिने हाक मारली.

म्हातारी मरून तेव्हा वर्ष होत आलं होतं. बातमी माझ्या कानावर आली होती. म्हणजे आता घरात कुणी उरलं नव्हतं ज्याचं नाव राखायचं. आता घ्यायला काय हरकत होती? मी मेथीची जुडी हातात धरून थांबले. तिला वेळ दिला.

"सखू, अगं सखू!" ती जवळ येत म्हणाली.

मी जुडी पिशवीत टाकली आणि चालायला लागले. तिसरी हाक आली, चौथी आली. बाजारातल्या बायका वळून बघायला लागल्या, सखू कोण म्हणून. मीही त्यांच्यासारखीच पुढे बघत चालत राहिले.

घर मला मिळालं नाही. आता शोधतही नाही. पण काकूचं घर सोडल्यापासून माझ्या नावाशिवाय कुणाला मी ओ दिली नाही. देणारही नाही. देव जरी दारात उभा राहिला, तरी त्याने आधी नाव घ्यावं.